मनोऱ्यावरच्या काचा

टेकडी मळा, नाशिक
२२ नोव्हेंबर १९९३

ती. सिंधुताईस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत माहेरपणाला तुझ्याकडे देवळ्याला आले नाही म्हणून तू फुगून बसली असशील. खरं कारण सांगते, हसू नकोस. किल्लारीचा भूकंप झाल्यापासून मला घर सोडवत नाही आणि घरात बसवतही नाही. आमच्याकडे काही पडलं-झडलं नाही, पण त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली, तो आवाज कानातून जात नाही. रस्त्याने ट्रक गेला तरी माझा हात आधी खेळणाऱ्या साईच्या दंडावर जातो. हे मला चिडवतात, की तुझ्या बहिणीने पोरांना भूगोल शिकवला आणि घरातलीच एक राहून गेली.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती टेकडीवरच्या मनोऱ्याची. निशिगंध खुडताना मान वर केली की तो समोर उभा. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा विचारलं होतंस, की या माळावर एवढा उंच दगडी मनोरा कुणाला सुचला. आमच्या गावचे कवी म्हणे रोज संध्याकाळी टेकडीवर बसून लिहायचे. ते गेल्यावर गावाने वर्गणी काढली आणि त्यांना जे दिसायचं ते सगळ्यांना दिसावं म्हणून मनोरा बांधला. वरून गोदावरी दिसते, पंचवटीची देवळं दिसतात, आमचा फुलांचा मळा तर रुमालाएवढा दिसतो. आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांनी त्याच्या चुन्याला पाणी वाहिलंय. आता तीस वर्षं स्मारक समितीचे राखणदार आहेत. किल्ली कंबरेला बांधून झोपतात. दर सोमवारी मनोरा झाडायचं काम ओघाने सुनेकडे आलंय. मी मधल्या खिडकीपर्यंत झाडते, वरची गच्ची आबा स्वतः झाडतात. त्यांना वाटतं मी वरून पडेन.

भूकंपानंतर समितीने एक इंजिनिअर आणला. त्याला जिन्याच्या भिंतीत दोन भेगा सापडल्या. एक मधल्या खिडकीपाशी, दुसरी पार वर, गच्चीच्या दारापाशी. मला वाटलं बुजवेल. त्याने काय केलं, तर प्रत्येक भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका देऊन, आणि काचेवर लाल रंगाने तारीख घातली. मग आबांना बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं. आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की त्या काचांना कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. काच कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले की तू आपलं झाडायचं बघ.

दाजींना नमस्कार. अमोलला आशीर्वाद. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
उज्वला


देवळा
३ डिसेंबर १९९३

चि. सौ. उज्वलास अनेक आशीर्वाद.

फुगले होते, पण तुझं पत्र वाचून हवा गेली. लहानपणी तू आभाळ गडगडलं की धान्याच्या कणगीमागे बसायचीस आणि मला शेजारी बसवायचीस, म्हणजे पडलंच तर दोघींवर पडेल. तेव्हाही तुझी भीती खोटी नव्हती, एकदा खरंच पत्रा उडाला होता. म्हणून हसत नाही. फक्त एवढं कर, की भीती वाटली तर कुणाला तरी सांग. आत ठेवलीस की तू काहीतरी भलतं करून बसतेस.

इकडे कांद्याची लागण चालू आहे, दाजी शेतातून घरी फक्त जेवायला येतात. शाळेत माझ्याकडे यंदाही चौथी दिलीय. अमोल धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा करतोय म्हणजे नेमकं काय करतोय ते मला कळत नाही, महिन्यातून एकदा मळके कपडे घेऊन येतो एवढं खरं.

वाल्मीकरावांना सांग की भूगोल मी नीटच शिकवला होता. साईचा पापा घे. आठवण ठेव.

तुझी,
सिंधुताई


टेकडी मळा
१७ जानेवारी १९९४

ती. ताईस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत पुडीत तिळगूळ आहे. थोडा चुरा झाला असेल, पोस्टाच्या शिक्क्याला दोष दे.

आबांचं काही तरी बिनसलंय, ताई. पूर्वी मनोरा पाहायला कुणी आलं की ते खाली कट्ट्यावर बसून राहायचे आणि वरून कुणी खडा टाकला तर ओरडायचे. आता गुडघे सुजलेत, वैद्यांनी जिना चढायला मना केलंय, तरी जो येईल त्याच्याबरोबर वर जातात. पाचाच्या वर माणसं एका वेळी सोडत नाहीत. लोक वर असेपर्यंत तिथेच उभे राहतात आणि सगळ्यांच्या मागून उतरतात. घरी आल्यावर गुडघ्यांना तेल लावता लावता मी बोलले, की एवढं काय अडलंय. त्यांनी पाय आखडून घेतले आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

आणखी एक. सासूबाईंच्या फोटोची काच गेली. आबा म्हणतात मांजराने फोटो पाडला. शेजारचं मांजर येतं खरं, पण ते त्या खुंटीपर्यंत कसं चढलं देव जाणे. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून मी रोज काचेवर त्यांच्या कपाळापाशी कुंकू लावायची. इतक्या वर्षांचं लावून तिथे तांबडा डागच पडला होता. आता नुसत्या कागदाला कुंकू लावायला हात धजत नाही, फ्रेमच्या कडेला लावते.

माझ्या हातूनही एक गुन्हा घडलाय. कागदावर लिहायची हिंमत होत नाही. आबांना कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत. सोमवार आला की झाडू उचलवत नाही. तू म्हणालीस तसं भलतं करून बसलेय. भेटीत सांगेन.

सगळ्यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उज्वला


टेकडी मळा
२१ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

सुटले गं बाई! त्या गुन्ह्यातून सुटले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

गुरुवारी इंजिनिअर परत आला. बॅटरी घेऊन दोन्ही काचा पाहिल्या, तारीख वाचली, बोट फिरवलं. मी खिडकीखाली टोपली घेऊन उभी होते. तो म्हणाला की तीन महिने होऊन गेले, काचा जशाच्या तशा आहेत, भेगा जुन्या आहेत आणि आता शांत आहेत. मनोरा धोक्याचा नाही असा कागद त्याने तिथल्या तिथे लिहून दिला. मला वाटलं त्याच्या पाया पडावं. कारण ताई, ती मधली काच त्याची नव्हतीच. माझी होती.

झालं असं. डिसेंबरात एका सोमवारी झाडता झाडता पाहिलं, तर काच मधोमध तडकलेली. जळमटं काढायच्या बांबूचा ठोसा लागला असणार, दुसरं काय. आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या दिवशी पंचवटीत फुलं घालायला गेले. तिथे देवाच्या तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानात उरलेल्या काचपट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. एक मागून आणली. सिमेंट घरात होतं, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग होता. त्याने तारीख घातली, अगदी इंजिनिअरच्या वळणाने, त्याचा एक आकडा तिरका होता तोही तिरका काढला. तुला शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक होतं ना!

संक्रांतीच्या आधी पुन्हा तडकली. पुन्हा बदलली. या महिन्याच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा. तेव्हा तर मी बांबू तिथे नेलासुद्धा नव्हता. कबुतराची चोच लागली असेल. पण आता कागद झाला, माझी धडधड थांबली.

पुढचं ऐक. मनोरा पास झाला म्हणून समितीने कवींची जयंती यंदा मोठी करायचं ठरवलंय. तेरा मार्चला, रविवारी, साईचा चौथीचा वर्ग वर गच्चीत उभा राहून एका सुरात कविता म्हणणार. बेचाळीस मुलं! खाली गाव ऐकणार. आमच्या मळ्यातून कठड्याभोवती झेंडूचं तोरण. साई आठ दिवस घरात नाचत होती, आणि परवा आबांनी घोटाळा केला. शाळेत जाऊन बाईंना सांगून आले, की आमच्या पोरीला उंचावर चक्कर येते, तिला घेऊ नका. कधी आली चक्कर? पोर झाडावर माकडासारखी चढते. साई रडून रडून झोपली. मी पहिल्यांदा आबांना उलटून बोलले, की स्वतःच्या नातीचं सुख तुम्हाला बघवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मळ्यात निघून गेले.

तू येतेस का तेराला? तोरण बघायला तरी ये. वाट बघते.

तुझी,
उज्वला


देवळा
२७ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. उज्वलास आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. वाण्याच्या दुकानात फोन करणार होते, पण तिथे अर्धं गाव कान लावून असतं, आणि हे तू नीट बसून समजून घ्यायला हवं.

अमोल काल घरी आला. मी त्याला तुझं पत्र गंमत म्हणून वाचून दाखवलं. शिंगांच्या रंगापर्यंत तो हसत होता. मग हसायचा थांबला. मावशीने काच किती वेळा बदलली ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने मला जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते.

भिंतीची भेग जुनी मेलेली आहे की अजून वाढतेय हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिच्यावर काच लावतात. काच ताणली जात नाही. भेग केसभर उघडली तरी काच तडकते. तडकली की समजायचं भिंत हलतेय, आणि त्या क्षणापासून कुणाला वर सोडायचं नाही. काच त्यासाठीच असते. फुटण्यासाठी.

उज्वला, तुझ्या बांबूने काही फुटलं नाही. कबुतराने तर नाहीच. मनोरा हलला म्हणून काच फुटली. तीनदा. आणि इंजिनिअरने बोट फिरवलं ते तुझ्या काचेवर, तारीख वाचली ती तुझ्या हातची.

मी तुला रागावत नाही. तुला कुणी सांगितलंच नाही. पण आता तुला कळलंय. बेचाळीस मुलं त्या गच्चीत एका वेळी उभी राहणार आहेत, रोज चाळीस मुलांच्या वर्गात उभी राहणारी मी हे लिहितेय. तू समितीला सांगायला हवंस, आणि आधी आबांना. नऊ तारखेच्या बुधवारपर्यंत तू सांगितल्याचं पत्र आलं नाही, तर अमोल एस.टी.ने येईल आणि समितीच्या सेक्रेटरींना स्वतः सांगेल. ते तुझ्या तोंडून व्हावं असं मला वाटतं.

घाबरू नकोस असं लिहिणार नाही. मीही घाबरलेय.

तुझी,
ताई


टेकडी मळा
४ मार्च १९९४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचलं. मी चूल तशीच ठेवून दारात बसले आणि मनोऱ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं तो उभा आहे, पण मला तो श्वास घेतोय असं दिसायला लागलं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, साई नाही. आबांनी नाव काढलं ते बरं झालं. आणि बाईंनी पुन्हा घेतलंच, तर त्या दिवशी तिला ताप आलाय असं सांगायचं. मग बाकी कुणाला काही कळायला नको. न आबांना, न समितीला. मी तो बेत पक्का करून भाकऱ्या थापल्या. जेवताना साई एकेका मैत्रिणीचं नाव घेऊन कोण कुठे उभी राहणार ते सांगायला लागली, तेव्हा मी ताट सारून उठले.

गुरुवारी सकाळी आबा अंघोळीला गेले तेव्हा त्यांनी कंबरेची काढून ठेवलेली किल्ली न विचारता घेतली आणि वर गेले. माझी मधली काच पुन्हा फुटली होती. सोमवारी धड होती, ताई. मग जिथे मी कधी जात नाही तिथे, गच्चीच्या दारापर्यंत गेले. वरची काच धड दिसली. क्षणभर जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन पाहिलं. ती खालच्या काचेपेक्षा पातळ होती. तारखेचे आकडे थरथरत्या हाताचे. आणि एका कडेला तांबडा डाग होता, तेलकट, जुना. मी तो ओळखला. बारा वर्षं माझ्याच बोटाने लावलेलं कुंकू होतं ते, सासूबाईंच्या कपाळावरचं. कोपऱ्यात फडक्यात बांधलेले काचांचे तुकडे होते. मी मोजले नाहीत.

आबा निशिगंधात खुरपत होते. मी फडकं त्यांच्यापुढे ठेवलं, माझं सगळं सांगितलं, तुझं पत्र वाचून दाखवलं. मी विचारलं, की काच फुटण्याचा अर्थ इंजिनिअरने तुम्हाला सांगितला होता ना. ते हो म्हणाले. त्यांचं म्हणणं, की सांगितलं असतं तर मनोऱ्याला कुलूप लागलं असतं, आणि कुलूप लागलेली वास्तू शेवटी पाडतात. ज्याच्या चुन्याला पाणी वाहिलं तो पडताना बघायचा नव्हता. म्हणून जो येईल त्याच्याबरोबर स्वतः वर जात होते, की गेलाच तर आपणही त्याच्याबरोबर जाऊ. मला वाटायचं जिना चढायची हौस आहे.

मग मी विचारलं, की साईला चक्कर येते हे तुम्हाला कधी कळलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मी म्हटलं, आबा, तुम्ही आपली तेवढी खाली ठेवलीत. ते वाफ्यातच बसले. मोठ्याने रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

मी बोलले ते बोलले. पण बुधवारी तापाचा बेत करताना मीही त्यांच्याच जागेवर बसले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतेय.

यांना सगळं सांगितलंय. उद्या सकाळी आबा आणि मी इंदिरानगरला सेक्रेटरींच्या घरी जाणार आहोत, फडकं घेऊन. काय म्हणतील, पोलिसात देतील का, काही कळत नाही. अमोलला म्हणावं तू येऊ नकोस, मावशी जातेय. तू मात्र मनातून मला काढू नकोस.

तुझी,
उज्वला


(पोस्टकार्ड)
देवळा
८ मार्च १९९४

चि. सौ. उज्वलास आशीर्वाद.

पत्र मिळालं. अमोलला थांबवलं. मनातून काढायचं काय, तू कणगीमागे बसायचीस तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं? पुढचं लवकर कळव, जीव टांगणीला आहे.

सिंधुताई


टेकडी मळा
२१ मार्च १९९४

सौ. सिंधुबाईंना चिमाजीचा रामराम.

मला लिहिता येत नाय म्हणून साईकडून लिहून घेतोय. मी बोलतो तसंच लिही म्हणून सांगितलंय तिला.

आमी शनवारी सेक्रेटरीसायबाकडं गेलो. सूनबाईनं तिचं तिनं सांगितलं, मी माझं. ती मधेच माझंबी आपल्या अंगावर घ्यायला लागली, तवा मी तिला गप केली. सायब लय तापले. त्यांचं बरोबर हाय. पोलिसात दिलं नाय, पण किल्ली तिथंच टेबलावर ठेवून घेतली. तीस वर्सं कमरंला होती, आता चालताना आवाज येत नाय, म्हणून मागं वळून बघतो.

इंजिनिअर सोमवारी आला. त्यानं आपल्या हातानं नव्या काचा लावल्या, खाली सोताचं कुलूप लावलं. सुक्रवारी सकाळी येऊन बघितलं तर दोनी फुटलेल्या. कुणी हात लावलेला नाय. त्यानं मला वर नेऊन दावलं. मी म्हनलं मला नका दावू, मला ठाव हाय.

आता मनोरा दुरुस्त करतील का उतरवतील, कायबी ठरलं नाय. जयंती टेकडीच्या खाली झाली. लेकरं मातीवर उभी राहून कविता बोलली. झेंडूचं तोरण कट्ट्याला बांधलं. मी लांब उभा होतो, सगळ्यांच्या मागं. लेकरांचा आवाज चढला का माझी मान वर जायची, रिकाम्या गच्चीकडं. अंगाला काटा यायचा. अजून येतो. भाकरी मोडतानाबी येतो.

तुमच्या पत्रानं एक्केचाळीस लेकरं खाली राहिली. हे तुमाला माझ्या तोंडानं कळवावं म्हणून पत्र. तुमच्या अमोलला देव सुखी ठेवो. आमच्या सूनबाईवर लोभ हाय तसाच ऱ्हाऊ द्या.

चिमाजी

मावशी, हे पुढचं माझं आहे. आबांनी एक्केचाळीस सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं. पण आमच्या वर्गात आम्ही बेचाळीस आहोत, मला धरून. जयंतीला बाईंनी मलापण घेतलं होतं, दुसऱ्या रांगेत. मी आबांना तीनदा सांगितलं की चुकलंय, खोडून नीट करते. ते म्हणाले, एक्केचाळीसच लिही, एक तर आधीपासून खाली होती. मग ते आत जाऊन आजीच्या फोटोसमोर बसले. मी आईला विचारलं की म्हणजे काय, तर ती फुलांची टोपली घेऊन निघून गेली. तू शाळेत शिकवतेस ना, तर तूच सांग कुणाचं बरोबर आहे. उत्तर नक्की पाठव, मी वाट बघते.

तुझी,
साई